पोलीस स्टेशनमधून फोन आला, आता काय करायचं? घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीला कायद्याने तोंड देताना

"मॅडम, पोलीस स्टेशनमधून फोन आला होता. उद्या अकराला बोलावलंय. बायकोने केस टाकलीय."

रात्री साडेनऊ-दहाला मला येणारे बरेचसे फोन असे सुरू होतात. बोलणारा माणूस लोकलमधून उतरून नुकताच घरी पोचलेला असतो, मागून आईचा रडण्याचा आवाज येत असतो, आणि दोन मिनिटांत कळतं की फोन करायच्या आधीच तो काहीतरी करून बसलाय. कुणी बायकोला लागोपाठ चाळीस मेसेज पाठवलेले असतात. कुणी सासऱ्यांना "बघून घेतो" म्हटलेलं असतं. कुणी गावी निघून जायला बॅग भरलेली असते.

मी मुंबईतल्या फौजदारी कोर्टांत वकिली करते. मार खाल्लेल्या बायकांसाठी उभी राहते आणि आरोप झालेल्या नवऱ्यांसाठी, सासवांसाठी, नणंदांसाठीही. दोन्ही बाजू पाहून माझं एक मत पक्कं झालंय. तक्रारीआधी काय घडलं ते आता बदलता येत नाही, पण तक्रारीनंतर तुम्ही कसे वागता ते सगळं तुमच्या हातात असतं आणि न्यायाधीश तेही बघतात. ज्यांनी आजवर पोलीस स्टेशनची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय.

आधी फोन खाली ठेवा

पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. तिला फोन नाही, मेसेज नाही, तिच्या माहेरी जाणं नाही, मध्यस्थ पाठवणं नाही. "मी फक्त समजावायला गेलो होतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी समोरच्या बाजूच्या कागदात त्याचं रूप "आरोपीने माहेरी येऊन धमकावले" असं झालेलं पाहिलंय. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टोमणे नकोत. नातेवाइकांच्या ग्रुपवर "हिचा खरा चेहरा" वगैरे तर अजिबात नको. मुलाला शाळेतून परस्पर घेऊन यायचं नाही. घराचं कुलूप बदलायचं नाही, तिच्या कार्डावरचे पैसे बंद करायचे नाहीत.

आणि मोबाइलमधलं काहीही पुसायचं नाही, तुमच्या विरोधात जाणारंसुद्धा. दोघांमधलं संभाषण तिच्याही फोनमध्ये आहे. तुमच्याकडून ते पुसलेलं दिसलं तर त्याचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागत नाही.

एक गोष्ट इथेच बोलून टाकते, कारण पुढे ती बोलायला जागा मिळत नाही. हात उचलला असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं. पण वकिलापासून लपवलेली गोष्ट उलटतपासणीत समोर आली की सावरायला काही उरत नाही. ज्याने मारलं आहे त्यालाही बचावाचा, जामिनाचा, न्याय्य सुनावणीचा पूर्ण हक्क आहे. मात्र मारणं त्याच दिवशी थांबायला हवं, आणि ती किंवा मुलं अजून त्याच घरात असतील तर तुम्ही काही दिवस भावाकडे, मित्राकडे राहायला जा.

नेमकी कोणती केस आहे ते ओळखा

"केस टाकली" या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीला तोंड द्यायची रीत वेगळी आहे.

एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच नोंदवल्या जातात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. पण एन.सी.ची प्रत जपून ठेवा. पुढच्या केसमध्ये ती हमखास जोडली जाते.

दुसरी म्हणजे एफआयआर. लोक अजूनही "चारशे अठ्ठ्याण्णव लावलं" म्हणतात. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेलं ते कलम ४९८-अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच गुन्हा आता कलम ८५ मध्ये आहे, 'क्रूरता' म्हणजे काय हे कलम ८६ मध्ये. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटना असतील तर जुनी कलमं लागतात, त्यामुळे एकाच एफआयआरमध्ये जुनी-नवी दोन्ही दिसली तर गोंधळू नका. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या नातेवाइकाने केली असेल तर गुन्हा दखलपात्र ठरतो, आणि तो अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. जामीन पोलीस स्टेशनमध्ये हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. स्त्रीधन परत न दिल्याचा आरोप असेल तर विश्वासघाताचं कलम ३१६ सोबत येतं, आणि हुंड्याचा उल्लेख असेल तर १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा.

तिसरी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज, बोलीभाषेत 'डीव्ही'. हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अर्ज फौजदारी कोर्टात चालतो म्हणून माणसं घाबरतात, पण त्यात तुम्ही 'आरोपी' नसता, 'गैरअर्जदार' असता. संरक्षण, राहण्याची जागा, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई हे ती मागत असते. त्या अर्जावरून अटक होत नाही. संरक्षण आदेश निघाल्यावर तो मोडलात, तर मात्र तो वेगळा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

चौथी म्हणजे पोटगीचा अर्ज, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कार्यपद्धतीची जी कलमं पुढे येतात, ती याच संहितेतली. मुंबईत तो वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जातो.

कागद हातात आला की वरच्या कोपऱ्यात कोणत्या कायद्याचं नाव आणि कोणतं कलम आहे ते वाचा. त्यावरून पुढचा अर्धा रस्ता ठरतो.

पोलीस स्टेशनला जाण्यापूर्वी

फोन आला तर फोन करणाऱ्याचं नाव, पद, पोलीस स्टेशन आणि कशासाठी बोलावलंय ते विचारून लिहून घ्या. मग त्या पोलीस स्टेशनच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करा. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून "तुम्हाला डिजिटल अटक केलीय, पैसे भरा" म्हणणारे भामटे असतात. कायद्यात तसली अटक अस्तित्वातच नाही.

नवरा-बायकोच्या वादात पोलीस बऱ्याचदा आधी दोघांना बोलावून समुपदेशन करतात. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून ही पद्धत इथे रुजली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात कौटुंबिक वादात एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीला वाव ठेवला, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्येही तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत चौकशी करता येते. अशा बैठकीला बोलावलं तर जा. वेळेवर जा, एकटे किंवा वकिलासोबत जा, दहा नातेवाईक घेऊन जाऊ नका. तिथे जे बोलाल ते शांतपणे. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. "लिहून द्या, की पुन्हा असं करणार नाही" असं कुणी म्हणालं तर वकिलाला विचारल्याशिवाय लिहू नका, कारण "पुन्हा" या शब्दात आधी केल्याची कबुली असते.

एफआयआर झाला असेल तर बहुतेक वेळा कलम ३५(३) ची नोटीस येते. हिच्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१४ चा अर्नेश कुमार निकाल आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज का आहे याची कारणं नोंदवायची, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात, तपासाला सहकार्य केलंत, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. हजर राहिला नाहीत तर तेच अटकेचं कारण होतं. म्हणून ती नोटीस ही तुमची ढाल आहे, तिच्यापासून पळू नका. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. तरी तशी आली तर दुर्लक्ष न करता वकिलामार्फत लेखी उत्तर द्या.

प्रत्येक हजेरीची नोंद ठेवा: तारीख, गेल्याची वेळ, निघाल्याची वेळ, कुणाला भेटलात. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस स्टेशनचा शिक्का आणि तारीख घ्या. तुमचा जबाब कलम १८० खाली घेतला जातो आणि त्यावर सही घेण्याची तरतूद नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, तो हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने दिलाय. गप्प राहण्याचा हक्क आणि उद्धटपणा यात मात्र फरक आहे. "माझ्या वकिलांशी बोलून लेखी देतो" एवढं वाक्य नम्रपणे म्हणता येतं.

"साहेबांना काहीतरी द्यावं लागेल" म्हणणारा कुणीतरी या टप्प्यावर हमखास भेटतो, कधी पोलीस स्टेशनबाहेरच्या टपरीवर, कधी ओळखीचा म्हणून घरी. देऊ नका. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

वकील कसा निवडायचा

मेव्हण्याच्या सोसायटीतले वकील जमिनीचे दावे चालवत असतील तर ते भले माणूस असूनही या कामाचे नव्हेत. तुमच्या हद्दीच्या कोर्टात रोज फौजदारी काम करणारा माणूस शोधा. मुंबईत कोर्ट हद्दीवर ठरतं: किल्ला कोर्ट, गिरगाव, माझगाव, भोईवाडा, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड. वकिलाला पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा: माझ्यावरची कलमं कोणती, अटकेची शक्यता किती, पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं, आणि फी कोणकोणत्या टप्प्याची किती. "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. कोणताही प्रामाणिक वकील निकालाची हमी देत नाही.

पैसे नसतील तर वकील मिळत नाही हा समज खोटा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. एफआयआरमध्ये नाव आलेली सासू किंवा नणंदही स्त्री म्हणून या मदतीला पात्र आहे, हे फार कमी घरांना माहीत असतं. १५१०० वर फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा.

अटकपूर्व जामीन

नोटीस मिळालेली असेल आणि अटकेची चिन्हं नसतील, तर कधीकधी अटकपूर्व जामिनाची गरजच नसते. पण गंभीर दुखापतीचा, स्त्रीधनाच्या अपहाराचा आरोप असेल किंवा पोलीस दागिन्यांच्या जप्तीसाठी कोठडी हवी म्हणत असतील, तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अर्ज करा. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून "चारशे अडतीस" असतं, तेच हे. पोलीस स्टेशनच्या हद्दीप्रमाणे अर्ज ओव्हल मैदानासमोरच्या सत्र न्यायालयात किंवा दिंडोशीला जातो. तिथे फेटाळला तर उच्च न्यायालय.

अर्जासोबत काय लागतं? एफआयआरची प्रत (संवेदनशील नसलेले एफआयआर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात), आधार, पत्त्याचा पुरावा, नोकरीचा पुरावा, वयस्कर आईवडिलांचे आजारपणाचे कागद, आणि तुम्ही हजर राहिल्याच्या नोंदी. स्त्रीधनाचा मुद्दा असेल तर माझा सल्ला नेहमी एकच: जे तिचं आहे ते परत द्या. लग्नात तिला मिळालेल्या वस्तू तिच्या मालकीच्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलंय. यादी करा, फोटो काढा, तपास अधिकाऱ्यासमोर पंचनाम्याने परत करा, प्रत घ्या. वाटी, मंगळसूत्र, पैठण्या, मिक्सर, सगळं. बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर पंचांसमोर उघडा. दागिने अडवून ठेवून काही साधत नाही आणि जामीन मात्र अडतो.

जामीन मिळाला की अटी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आत लावा. अमुक सोमवारी हजेरी, तक्रारदाराशी संपर्क नको, पासपोर्ट जमा, परवानगीशिवाय बाहेरगावी नको. एक अट मोडली की सरकारी वकील जामीन रद्द करायला अर्ज देतात, आणि पहिल्या खेपेची सहानुभूती दुसऱ्या खेपेला नसते.

अटक झालीच तर

चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेलंच पाहिजे. सुट्टी असली तरी सुट्टीचं कोर्ट असतं. अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत, घरच्या माणसाला कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटता आलं पाहिजे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगात महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच ती करायची असते. साठीच्या सासूला रात्री नऊला गाडीत बसवायला कुणी आलं तर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

मारहाण झाली असेल तर न्यायाधीशांनी "काही तक्रार आहे का?" विचारल्यावर तेव्हाच सांगा. भीतीपोटी "नाही" म्हटलं की ती नोंद कायमची राहते.

जामिनाचा आदेश झाल्यावर जामीनदार शोधताना मुंबईत फसवणूक खूप होते. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे फिरत असतात. त्यांचे कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा तुमच्या डोक्यावर येतो. रेशनकार्ड, पगारपत्रक, पत्त्याचा पुरावा असलेला खरा नातेवाईक किंवा सहकारी आणा. त्याला वेळ लागणार असेल तर वकिलाला सांगा, काही आठवड्यांसाठी रोख जामीन भरून आधी सुटका होते आणि मग जामीनदार देता येतो. सरकारी नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की राज्य सरकारी कर्मचारी निलंबित मानला जातो. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत अटकपूर्व जामिनाची घाई मी नेहमी करते.

पुरावा: घरातलं कपाट, सोसायटीचं रजिस्टर आणि मोबाइल

खरी केस इथे जिंकली किंवा हरली जाते, आणि इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

एक वही घ्या. एफआयआरमधल्या प्रत्येक घटनेला एक पान. डाव्या बाजूला तिचं म्हणणं, तारखेसकट. उजव्या बाजूला त्या दिवशी तुम्ही कुठे होता आणि ते कशावरून दिसतं. एका अशिलावर आरोप होता की त्याने एका संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी मारहाण केली. त्याच्या ऑफिसच्या दाराच्या पंचिंगमध्ये बाहेर पडण्याची वेळ रात्री आठ चाळीसची होती आणि यूपीआयवर त्याच रात्री स्टेशनवर वडापावचे पैसे दिल्याची नोंद होती. असले बारीक कागद मोठमोठ्या युक्तिवादांपेक्षा जास्त काम करतात. ऑफिसची हजेरी, रुग्णालयाचे केसपेपर, रेल्वेचं आरक्षण, गाडीचा फास्टॅग, सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर, हे सगळं शोधा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण बऱ्याचदा काही दिवसांतच पुसलं जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीला लेखी पत्र द्या की अमुक तारखांचं चित्रीकरण जपून ठेवावं, आणि पत्राची पोच घ्या.

लग्न होऊन नाशिकला गेलेली नणंद, पुण्यात नोकरी करणारा दीर, यांची नावं एफआयआरमध्ये सरसकट आलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळी फाइल करा: त्यांचं वीजबिल, भाडेकरार, मुलांच्या शाळेची पावती, रेशनकार्ड. ते या घरात राहतच नव्हते हे दाखवणारे हे कागद पुढे उच्च न्यायालयात फार उपयोगी पडतात. नातेवाइकांविरुद्ध मोघम आरोपांवर खटला चालवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या कहकशाँ कौसर निकालात म्हटलंय.

मोबाइलवरचा पुरावा नुसता छापून चालत नाही. ती नोंद कोणत्या उपकरणातून कशी काढली हे सांगणारं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं, आणि ते का लागतं हे २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने पक्कं केलं. मूळ फोन जपा, विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉटपेक्षा पूर्ण संभाषण निर्यात करा, सोयीच्या चार ओळी निवडू नका.

कायद्यातली 'क्रूरता' म्हणजे घरातलं प्रत्येक भांडण नव्हे, हेही तुमच्या वकिलाने मांडायला हवं. कलम ८६ मध्ये दोनच प्रकार आहेत: आत्महत्येला किंवा शरीर-मनाच्या गंभीर हानीला प्रवृत्त करेल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, आणि मालमत्ता किंवा पैशांची बेकायदा मागणी पूर्ण करून घेण्यासाठी केलेला छळ. आरोप या चौकटीत बसतो का हा खरा प्रश्न आहे. ती स्वभावाने कशी आहे, तिचं आधी कुणाशी काय होतं, हा प्रश्न नाही. बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं उत्तर मी लिहीत नाही. ते चूक आहे म्हणून तर लिहीत नाहीच, शिवाय ते वाचताना न्यायाधीशांना तक्रारीतला नवरा खराच वाटू लागतो.

डीव्हीच्या अर्जाला उत्तर

कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तसं घडत नाही. पण अंतरिम आदेश मात्र लवकर होतो, तुम्ही गैरहजर असाल तर एकतर्फीसुद्धा. म्हणून पहिल्या तारखेला हजर राहा, वकीलपत्र द्या, म्हणणं मांडायला मुदत मागा. कोर्टाच्या भाषेत याला 'से' दाखल करणं म्हणतात. 'से' परिच्छेदवार लिहायचा असतो. "सर्व मजकूर खोटा व बनावट आहे" एवढ्याने काही होत नाही. ज्या गोष्टी खऱ्या आहेत त्या मान्य करा: लग्नाची तारीख, मुलं, तुमची नोकरी. खरं मान्य करणाऱ्याचा नकार वजनदार ठरतो.

सोबत मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालाने ते दोघांनाही बंधनकारक केलं. इथे खोटं लिहू नका. पोटगी टाळायला नोकरी सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, कोर्ट कमावण्याची क्षमता बघतं आणि नोकरीही जाते. त्याच निकालात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे: दोन कोर्टांत पोटगी मागितली असेल तर एकीकडे दिलेली रक्कम दुसरीकडे जमेस धरली जाते, पण तुम्ही ती उघड केली पाहिजे. प्रत्येक हप्ता बँकेतून द्या, रोख कधीच नाही.

मुंबईत खरं भांडण जागेचं असतं. दहा बाय बाराची खोली, तीही बापाच्या नावावर. "घर आईवडिलांचं आहे, तिचा काय संबंध?" हा प्रश्न मला रोज विचारतात. २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालापासून उत्तर स्पष्ट आहे: घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी लग्नानंतर ती तिथे नांदत होती तर ते 'सामायिक घर' ठरू शकतं, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. वृद्ध आईवडिलांचाही शांतपणे राहण्याचा हक्क असतो आणि कोर्ट दोन्ही तोलून बघतं. म्हणून तिच्यासाठी त्याच दर्जाची भाड्याची जागा देण्याची तयारी लेखी दाखवणं हा बऱ्याचदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो. कायद्यात तशी तरतूद आहे. खोली घाईघाईने भावाच्या नावावर करणं हा सर्वांत वाईट. आदेश चुकीचा वाटला तर तो पाळत राहून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा.

पुढची वर्षं

हो, वर्षं. दोषारोपपत्र दाखल होतं, त्याच्या प्रती मिळतात. प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. पुराव्यात काहीच नसेल तर तो जरूर करा. नाहीतर आरोप निश्चित होतात, साक्षी, उलटतपासणी, मग कलम ३५१ खाली न्यायाधीश तुम्हालाच प्रश्न विचारतात. सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाने तुमच्या केसला दिलेला ओळख क्रमांक, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाका, पुढची तारीख तिथे दिसते. पण तारखेला सकाळी अकराच्या आधी कोर्टात हजर असा, कारण पुकारा झाला आणि तुम्ही नाही, की वॉरंट निघतं. अडचण असेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्या, डॉक्टरच्या कागदासह.

एफआयआर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली अर्ज करता येतो. लांबच्या नातेवाइकांसाठी तो मार्ग खरोखर विचारात घ्या. मुख्य आरोपी नवऱ्याला मात्र विशिष्ट आरोपांसमोर तो सहसा मिळत नाही, हे आधीच सांगते म्हणजे फी वाया जात नाही.

बहुतेक संसार शेवटी मध्यस्थी केंद्रातल्या टेबलावर येतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. हा गुन्हा खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. तडजोडीच्या अटी लिहून दोघांनी उच्च न्यायालयातून एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो. २००३ च्या बी. एस. जोशी आणि २०१२ च्या ज्ञानसिंग निकालांनी तो रस्ता खुला केलाय. तडजोडीत रक्कम टप्प्याटप्प्याने ठेवा, शेवटचा हप्ता एफआयआर रद्द होण्याच्या वेळेशी बांधा, आणि मुलांना भेटण्याचे वार, तास, सुट्ट्या नेमक्या लिहा. "सोयीनुसार" हा शब्द तिथे आला की सहा महिन्यांनी नवं भांडण उभं राहतं.

या काळात झोप जाते, दारू वाढते, कामावर लक्ष लागत नाही. कधी "आता नको वाटतंय" असं मनात आलं तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातल्यांनीही त्या माणसाला एकटं सोडू नये. आणि हिंसा सोसणारी कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी महिला हेल्पलाइनचा १८१ आणि मुंबई पोलिसांचा १०३ हे क्रमांक आहेत.

निर्दोष सुटलात तरी त्याच दिवशी घरी पळू नका. वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहीन असा बॉण्ड निकालाआधी घेतला जातो, तो सहा महिने लागू असतो. ती तारीख वहीत लिहा. नक्कल विभागात अर्ज करून निकालाच्या किमान तीन प्रमाणित प्रती घ्या: एक घरी, एक वकिलाकडे, एक ऑफिससाठी. जमा केलेला पासपोर्ट, रोख जामिनाची रक्कम आणि जामीनदाराचे कागद परत मिळवायला वेगळा अर्ज लागतो, तो सुटकेच्या आनंदात राहून जातो. निकालाची एक प्रत पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्या, म्हणजे पुढे पासपोर्टच्या पडताळणीला कुणी जुना क्रमांक काढला तर तो कागद हाताशी असेल.